सुई बदलली म्हणजे झालं?

पुढच्या वेळी एखाद्या दवाखान्यात किंवा वॉर्डात गेलात, की इंजेक्शनच्या ट्रेकडे नीट बघा. औषधाच्या बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली दिसली, तर विचारा, 'ही का ठेवलीय?' उत्तर ठरलेलं असतं : 'दर वेळी टोचत बसावं लागत नाही.'

हे उत्तर मला चीड आणतं. सुई काढली की रबर मिटतं, म्हणूनच ते बूच रबराचं असतं. सुई आतच राहिली, तर बाटली दिवसभर उघडी पडल्यासारखीच.

'आत प्रिझर्व्हेटिव्ह असतं ना!' असतं, पण फक्त अनेक डोसांच्या बाटलीत. ते जिवाणूंची वाढ रोखायला मदत करतं; हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीच्या विषाणूंपुढे त्याच्यावर विसंबता येत नाही. एका डोसाच्या बाटलीत तर बहुधा तेही नसतं. उरलंय म्हणून ती दुसऱ्या पेशंटला वापरणं ही काटकसर नव्हे.

दुसरं समर्थन, 'आम्ही सुई बदलतो.' सिरिंज? 2008 साली अमेरिकेत लास वेगासला नेमकं हेच उघडकीला आलं. भुलीचं औषध पुन्हा लागलं की सुई नवी, सिरिंज जुनीच, आणि ती परत बाटलीत. सिरिंजमध्ये मागे आलेला रक्ताचा अंश बाटलीत गेला, आणि उरलेलं औषध पुढच्या पेशंटला. हिपॅटायटिस सी पसरला. 40,000 हून अधिक लोकांना तपासणी करून घ्या म्हणून कळवावं लागलं. लांबचं वाटतंय? 2009 ची गुजरातेतल्या मोडासाची हिपॅटायटिस बीची साथ आठवा. तिथे वापरलेल्या सिरिंजच पुन्हा वापरल्या गेल्या होत्या.

आता साधनांबद्दल. पावडरच्या बाटलीत पाणी सोडलं की आतला दाब वाढतो आणि सुई काढताना औषधाचा फवारा उडू शकतो. हवा गाळून आत-बाहेर सोडणारा व्हायल अ‍ॅडाप्टर तो दाब सांभाळतो. काचेची अँप्यूल फोडताना पडणारे बारीक कण फिल्टर सुई अडवते. मात्र विक्रेता 'हा स्पाइक बाटलीत ठेवूनच द्या' म्हणाला, तर ऐकू नका. अमेरिकेची सीडीसी सुईइतकाच स्पाइकही खोचून ठेवायला मनाई करते.

केमोथेरपीत तर भोगणारी व्यक्ती वेगळीच असते. औषध मिसळणारी सिस्टर. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने 2004 मध्येच इशारा दिला होता, की या औषधांच्या संपर्कामुळे गर्भपात, वंध्यत्व, कदाचित कॅन्सरही संभवतो. औषधाची वाफ किंवा थेंब बाहेर न सोडणारी बंद साधनं आणि सेफ्टी कॅबिनेट त्यासाठीच असतात. तरीही वॉर्डातल्या साध्या टेबलावर, पंख्याखाली ही औषधं तयार होताना मी पाहिली आहेत. 'परवडत नाही' म्हणणाऱ्या त्याच इमारतीच्या लॉबीत इटालियन संगमरवर होता.

बुचातली सुई काढायला तर पैसाही लागत नाही. तेव्हा संकोच न करता विचारा : सिरिंज आणि सुई दोन्ही माझ्यासमोर फोडणार ना? बाटलीवर उघडल्याची तारीख कुठे आहे? अनेक डोसांची बाटली उघडल्यावर साधारण 28 दिवसांत, कंपनीने कमी मुदत दिली असेल तर त्याआधीच, टाकायची असते. तारीखच नसेल, तर नवी बाटली मागा.