शेवंड खा, पण पाहुण्यांना आधी विचारा

आपले येवले पैठणीचे गाव. मुंबईचा समुद्र येथून सुमारे 250 किलोमीटर लांब. आपल्याकडे समुद्रातले खाणे म्हणजे बाजारातली सुकट, जवळा आणि बोंबील. अलीकडे मात्र मुंबई-पुण्याला नोकरी करणारी मुले सुटीला येताना बर्फाच्या पेटीत शेवंड आणतात आणि लोणी व वाइनचा सॉस करून घरीच शिजवतात. अशाच एका मुलाच्या वडिलांनी परवा विचारले, "डॉक्टर, कोलेस्टेरॉल किती वाढेल?"

शेवंडीच्या मांसात चरबी फार थोडी असते. चिंता करायची तर लोण्याची. 60 ग्रॅम लोण्यात निम्मी संपृक्त चरबी. पण वर्षातून एकदा चौघांत तेवढे लोणी खाल्ल्याने कोणाचे हृदय बंद पडत नाही. मला भीती वाटते ती वेगळीच.

काही वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला एका बाईंना रिक्षातून आणले. ओठ सुजलेले, अंगभर गांधी, आवाज बसलेला. घरचे म्हणाले, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावलंय." जेवणात कोळंबीचे कालवण होते. मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि नाशिकला पाठवले. बाई वाचल्या. नंतर कळले, जवळ्याची चटणी खाल्ली की त्यांचा घसा पूर्वीपासून खाजत असे. घरात सर्वांना ठाऊक होते, पण कोणी ते मनावर घेतले नव्हते.

पन्नास रुपयांचा जवळा आणि हॉटेलातली महागडी शेवंड ही एकाच कुळातली भावंडे. कोळंबी, खेकडाही त्यातलेच. त्यांच्यातले ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे 'नीट शिजवले आहे, खा थोडे' हा आग्रह येथे जिवावर बेतू शकतो. (बोंबील हा मासा, त्याचे वावडे वेगळे.) श्वास अडकू लागला, आवाज बदलला, घेरी आली, तर आमसूल शोधत बसू नका. 108 ला फोन करा.

दुसरी गोष्ट वाइनची. सॉस उकळला की दारू उडून जाते, ही समजूत चुकीची आहे. पंधरा मिनिटे शिजवूनही सुमारे 40 टक्के अल्कोहोल उरते. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी घेणाऱ्याला तेवढ्यानेही चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो. असा माणूस पंगतीत "मला वाइन चालत नाही" असे सर्वांसमोर कसे सांगेल? तेव्हा यजमानानेच आधी सांगावे. गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठीही वाइन नकोच. आमच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षे मुबलक. हंगामात कच्च्या आंबट द्राक्षांचा रस घाला, एरवी लिंबू. चव झकास येते, हे मी खाऊन सांगतो.

करायचे कसे? बर्फातली शेवंड ओट्यावर ठेवू नका. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या. अमोनियासारखा वास आला तर किंमत विसरा आणि फेकून द्या. उकळत्या पाण्यात मांस पांढरे, अपारदर्शक होईपर्यंत शिजवा. मंद आचेवर लोण्यात लसूण परता, रस घाला, मिरपूड टाका. पाकिटातले लोणी बहुधा खारटच असते, म्हणून रक्तदाबवाल्यांच्या घरी वरून मीठ नको. उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करूनच खा.