भेटीला येणारा आणि वाट दाखवणारा

माझ्या पोटात चौदा इंजेक्शने गेलेली आहेत. १९७१ साल असेल. पैठण गेटजवळच्या एका बोळात कुत्रे पिंडरीला डसले आणि त्यानंतर चौदा दिवस वडिलांचे बोट धरून मी रोज दवाखान्याची पायरी चढलो. ती जुनी लस आता इतिहासजमा झाली, हल्ली दंडात चार-पाच सुया घेऊन काम भागते. पण माझ्या पिढीतल्या माणसाला ‘चौदा इंजेक्शने’ एवढे दोनच शब्द पुरतात. पुढली पन्नास वर्षे समोरून कुत्रे आले की मी रस्ता बदलला. बँकेतल्या नोकरीत वसुलीला गेलो की कर्जदाराच्या अंगणात कुत्रे आहे का, ही चौकशी मी थकबाकीच्याही आधी करत असे.

एवढे सगळे सांगायचे कारण म्हणजे हा लेख कुत्र्यांवर आहे आणि तो एका भित्र्या माणसाने लिहिलेला आहे.

आमच्या शाखेतले हेडकॅशियर निवृत्तीनंतर अर्धांगवायूने आडवे झाले. उजवा हात गेला, बोलणे गेले. त्यांची मुलगी त्यांना दिवसभरासाठी एका शुश्रूषा केंद्रात सोडते. मी शनिवारी भेटायला जातो. एका शनिवारी तिथल्या व्हरांड्यात तपकिरी रंगाचा भलाथोरला लॅब्रॅडॉर बसलेला दिसला आणि मी दारातच थबकलो. त्याच्या गळ्यात रुमाल होता, शेजारी त्याची मालकीण, तिच्या हाती पट्टा. कॅशियरसाहेबांच्या डाव्या हातात तिने ब्रश दिला होता आणि ते त्या जनावराच्या पाठीवरून तो सावकाश फिरवत होते. मध्येच ब्रश बाजूला ठेवून ते अंगठ्याने केस एकेक करून मागे सारत. त्यांनी तीस वर्षे नोटा मोजल्या होत्या, ती लकब मी लगेच ओळखली. ते त्या दिवशी बोलले वगैरे काही नाही. सिनेमातल्यासारखे काही घडले नाही. पण व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “नुसता हात वर-खाली करा म्हटलं तर पाच मिनिटांत रागावतात. कुत्रा असला की वीस मिनिटं करतात.”

हे मी घरी येऊन कौतुकाने सांगितले आणि तिथेच घोटाळा झाला. माझी पुतणी म्हणाली, “काका, मग बाबांसाठीही असाच एक कुत्रा घेऊन टाकू ना!”

तिचे बाबा म्हणजे माझे थोरले बंधू, दादा. वय पंचाहत्तर. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. निवृत्त मास्तर. वहिनी गेल्यापासून एकटे, म्हणजे घरात माणसे आहेत, तरी एकटे.

पुतणीची गल्लत अगदी साधी आहे आणि ती भल्याभल्यांची होते. रुमाल बांधलेला कुत्रा दिसला की सगळे एकच वाटतात. चेकबुक बचत खात्यालाही मिळते आणि कॅश क्रेडिटलाही मिळते, म्हणून दोन्ही खाती एक होत नाहीत. दोन प्रकारांच्या कुत्र्यांचे नेमके तसेच आहे.

भेटीला येणारा कुत्रा, ज्याला थेरपी डॉग म्हणतात, तो दुसऱ्या कुणाच्या घरचा लाडका असतो. मालकाबरोबर येतो, तासभर चार परक्या माणसांत बसतो आणि आपल्या घरी जाऊन झोपतो. त्याला लागतो तो स्वभाव. कुणी शेपूट ओढली, कुबडी दाणकन पडली, एखादे मूल किंचाळले, तरी न बिथरणारा. लसी पूर्ण, नखे कापलेली, अंग धुतलेले, हे गृहीतच. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मीनल कविश्वर या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ने हे काम बरीच वर्षे चालवले आहे, विशेषतः स्वमग्न आणि गतिमंद मुलांसाठी. २०२३मध्ये मुंबईच्या विमानतळावरही प्रवाशांची धास्ती कमी व्हावी म्हणून असे कुत्रे आणले गेले. या विचाराचे मूळ मात्र जुने आहे. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे एक अबोल मूल ठरल्या वेळेआधीच येऊन पोहोचले. डॉक्टरांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता आणि मूल डॉक्टरांशी नव्हे, त्याच्याशी रमले. १९६२मध्ये लेविन्सननी त्यावर लिहिले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. पुढे १९७६मध्ये एलेन स्मिथ या परिचारिकेने न्यू जर्सीत अशा भेटींची पहिली मोठी संघटना उभी केली.

वाट दाखवणारा कुत्रा ही निराळीच गोष्ट. तो एकाच माणसाचा असतो आणि चोवीस तास त्याच्याजवळ असतो. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे १९१६मध्ये त्यांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेतला मॉरिस फ्रँक हा विशीतला आंधळा तरुण १९२८मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन आला आणि पत्रकारांच्या देखत न्यूयॉर्कचा भरधाव रस्ता तिच्या आधाराने ओलांडून गेला. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही संस्था निघाली, ती आजही चालू आहे. अशी पिल्ले आधी वर्ष-सव्वा वर्ष एखाद्या कुटुंबात वाढतात, मग कित्येक महिने शाळेत शिकतात, आणि शेवटी माणूस व कुत्रा यांना एकत्र शिकवतात. बरीच पिल्ले मधेच गळतात. हीच विद्या पुढे बहिऱ्यांसाठी, चाकाच्या खुर्चीवरच्यांसाठी, फेफरे येणाऱ्यांसाठीही वापरली गेली. या सगळ्यांना मिळून मदतनीस कुत्रे म्हणायचे.

एक गैरसमज माझाही होता. मला वाटे, ‘पोस्टात चल’ म्हटले की कुत्रा पोस्टात नेतो. तसे नाही. वाट माणसालाच माहीत असावी लागते. कुत्रा खड्डा टाळतो, पायरीशी थांबतो, डोक्यावर लोंबणारी फांदी चुकवतो. सिग्नलचे रंग तो वाचत नाही. रहदारीचा आवाज ऐकून ‘चल’ माणूस म्हणतो. पण समोरून गाडी येत असेल तर तो ती आज्ञा मोडतो, हलतच नाही. आज्ञा केव्हा मोडायची हे ज्याला शिकवले जाते असा नोकर मी बँकेत तरी पाहिला नाही. आणि म्हणूनच कामावर असताना त्याला हात लावायचा नसतो. भेटीला येणाऱ्याला कुरवाळले नाही तर त्याचे येणे वाया, वाटाड्याला कुरवाळले तर त्याचा धनी गटारात.

अमेरिकेत या दोहोंमध्ये तिसरा प्रकार घुसला, ‘भावनिक आधाराचे प्राणी’. ना शिक्षण, ना परीक्षा, डॉक्टरची चिठ्ठी पुरे. २०१८मध्ये एक बाई चक्क मोर घेऊन नेवार्कच्या विमानतळावर आल्या. डिसेंबर २०२०च्या नियमाने तिथल्या विमान कंपन्यांवरचे ते बंधन उठले. आपल्याकडे आपल्या विमान नियमांत अपंग प्रवाशाच्या प्रशिक्षित कुत्र्याला जागा आहे. पण उद्या कुणी हौशीने आपल्या घरच्या कुत्र्याला रुमाल बांधून इस्पितळात नेले आणि तो चावला, तर दार बंद होईल ते खऱ्या मदतनिसाचे. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश दिला. पोटात चौदा सुया गेलेल्या माणसाला त्यामागची भीती समजावून सांगावी लागत नाही. मात्र फाटकावरच्या रखवालदाराला भटके, भेटीचे आणि मदतीचे यांतला फरक कुणीतरी सांगून ठेवायला हवा.

आपला समाज याबाबतीत मोठा गमतीचा आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, सातारा गावच्या खंडोबाला आपण भंडारा उधळतो त्याच्याबरोबरही कुत्रा आहे, कुत्र्याने पळवलेल्या कोरड्या भाकरीमागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव तर आपल्या मराठवाड्याचे. तरी घरात सोवळ्याला कुत्रा शिवलेला चालत नाही, आणि नमाजाची शुद्धता पाळणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याची लाळ चालत नाही. त्या केंद्रात हे ओळखून आहेत. खाटेजवळ कुत्रा नेण्याआधी प्रत्येकाला विचारतात, नाही म्हटले तर पुढे जातात. उघडी जखम असलेल्याकडे नेतच नाहीत. आणि कुत्र्याने जांभया द्यायला, ओठ चाटायला, तोंड फिरवायला सुरुवात केली की भेट संपते. तो ताणाखाली आलेला असतो.

तर दादा. पुतणीने त्यांच्यापुढे विषय काढला, मऊ कान, मांडीवर डोके वगैरे. दादांनी ऐकून घेतले आणि मास्तरी आवाजात म्हणाले, “मला मांडीवर डोकं ठेवणारं कुणी नकोय. मला पोस्टापर्यंत एकट्याला जायचंय. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत एकट्याला जायचंय.”

मला तिथे एक जुनी गोष्ट आठवली आणि ती सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. मी नवा ऑफिसर असताना एक अंध गिऱ्हाईक चेकबुक मागायला आले होते. बरोबर डोळस माणूस आणा, मग पाहू, असे मी त्यांना सांगितले. अगदी नम्रपणे, चहा पाजून. चहा देताना मला आपण फार चांगले वागलो असे वाटले होते. जून २००८मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट बजावले की दृष्टिहीनांना चेकबुक, एटीएम, लॉकर यांपैकी काहीही नाकारू नका. ते पत्रक मीच शाखेत सर्वांना वाचून दाखवले. ते गिऱ्हाईक मात्र पुन्हा आले नव्हते.

मी त्यांना दिला तो चहा. त्यांना हवे होते ते चेकबुक. दादांच्या बाबतीत पुतणी आणि मी तेच करायला निघालो होतो.

आता खरा हिशेब. दादांना वाटाड्या कुत्रा मिळाला असे समजू. तो त्यांना कुठून नेईल? आमच्या गल्लीतून पोस्टापर्यंत जायला डोळस माणसाला नऊ मिनिटे लागतात. परवा मी डोळे उघडे ठेवून, पण काठी हातात घेऊन ते अंतर चाललो. फुटपाथ तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी त्यावर स्कूटर उभ्या आहेत. एका जागी ड्रेनेजचे झाकण नाही, त्यात कुणीतरी दयेने बाभळीची फांदी खोचली आहे. दोन चौकांत मिळून भटक्या कुत्र्यांच्या तीन टोळ्या. पट्ट्यातल्या परक्या कुत्र्याला त्या पुढे जाऊ देतील असे मला वाटत नाही. म्हणजे लाखमोलाचा कुत्रा आणूनही तो दादांना घेऊन पहिल्याच वळणावर उभा राहील, आणि त्याच्या शिक्षणाप्रमाणे ते बरोबरच असेल.

भेटीचा कुत्रा आपल्या शहरात आला, कारण त्याला व्हरांडा पुरतो. दुसऱ्याला रस्ता लागतो.

तूर्त दादा पांढऱ्या काठीने चालायला शिकत आहेत. शिकवणारा मुलगा स्वतः अंध आहे. तो दादांना शिस्तीत ओरडतो आणि चाळीस वर्षे मास्तरकी केलेले दादा मुकाट ऐकतात. ड्रेनेजच्या झाकणासाठी मी महापालिकेत अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, आणि वसुलीच्या जुन्या सवयीने दर सोमवारी जातो.

मागच्या शनिवारी दादा माझ्याबरोबर केंद्रात आले, कॅशियरसाहेबांना भेटायला. कुत्र्याला त्यांनी हात लावला नाही. त्याच्या मालकिणीला मात्र विचारले, “बाई, याला इथे यायचंय का, हे तुम्ही कसं ओळखता?” ती म्हणाली, “रुमाल काढला की हा स्वतः दाराशी जाऊन उभा राहतो. दोनदा नाही उठला. दोनदा आम्ही आलो नाही.” दादा “बरं” म्हणाले आणि काठी उघडून फाटकाकडे निघाले. मी दहा पावले मागून चालत होतो.