लॅपटॉप घेऊन वाचनालयात जाताय? दुपारी कुलूप असेल!

घरात खोल्या दोन, माणसं पाच आणि त्यातल्या एकाचं ‘वर्क फ्रॉम होम’. मीटिंग सुरू झाली की नेमकी कुकरची शिट्टी होते. कॅफेत बसावं तर सारखी कॉफी मागवावी लागते, को-वर्किंगचं भाडं नव्या नोकरीत झेपत नाही. मग गल्लीच्या टोकाचं सार्वजनिक वाचनालय का नको?

मी जाऊन पाहिलं. सकाळी साडेदहाला टेबल मिळालं, पंखा होता, शांतता तर होतीच. बारा वाजता शिपाईकाका किल्ल्या वाजवत आले, “आता पाचला या.” माझी शिफ्ट सातला संपते.

दुपारी बंद का?

आळस हे त्याचं उत्तर नाही. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत. ती स्थानिक संस्था चालवतात आणि १९६७च्या ग्रंथालय कायद्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे सरकार त्यांना अनुदान देतं. २०२२मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तरी ‘ड’ वर्गाला तेव्हा वर्षाला ५० हजारही मिळत नव्हते. त्यातली निम्मी रक्कम पगाराची. बाराने भागा. महिन्याला जेमतेम दोन हजार. एवढ्यावर दिवसभर कोण बसेल?

म्हणजे ज्या वेळेत आपल्याला जागा हवी, त्याच वेळेत ती रिकामी पडून असते.

माझं म्हणणं सरळ आहे. बारा ते पाच या वेळेसाठी वेगळं शुल्क घ्या आणि ते ग्रंथपालांच्या मानधनात जाऊ द्या. दहा जणांनी महिन्याला पाचशे रुपये दिले तरी पाच हजार होतात, वरच्या हिशेबातल्या पगाराच्या दुपटीहून जास्त. विजेचं बिल वाढेल ही भीतीही फारशी खरी नाही. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा, जुना छताचा पंखा ७५ वॅटचा. (इंजिनीअरिंगची पदवी कुठेतरी कामी आली!) अडचण आहे ती प्लगची. अख्ख्या हॉलमध्ये एकच, तोही कपाटामागे.

पुस्तकांच्या जागी लॅपटॉप कशाला?

मुंबईत काळा घोडा परिसरातलं डेव्हिड ससून ग्रंथालय आठवा. टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिकांनी १८४७मध्ये सुरू केलेल्या संस्थेतून ते उभं राहिलं. नोकरदार मंडळी आणि वाचनालय ही जोडी आपल्याकडे नवी नाही.

पण एक अट हवीच. सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा आणि अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलं यांची एकही खुर्ची कमी होता कामा नये. ज्यांना दिवसभर फोनवर बोलावं लागतं त्यांनी तर येऊच नये. ‘हॅलो, आवाज येतोय का?’ हे वाक्य वाचनालयात शोभत नाही. माझ्याकडूनही ते एकदा गेलं. आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं, बस्स.

दुपारी कुलूप उघडायचं की नाही, हे ठरवते वाचनालयाची कार्यकारिणी. तिच्यापुढे विषय मांडायचा तर आधी सभासद व्हायला हवं. मी पावती घेतली. महिन्याची वर्गणी कॅफेतल्या एका कॉफीहून कमी निघाली.