आळी कोणाची, मत कोणाचें?

निवडणुकीचा वारा सुटला कीं बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारांत बैलांबरोबर माणसांचीही किंमत होऊं लागते. अमकी आळी आमच्या खिशांत, तमकी वाडी त्यांच्या दावणीला, आणि ठाकरवस्तीवर आदल्या रात्रीं एक फेरी मारली म्हणजे काम झालें, असा हिशेब पुढारी म्हणविणारे लोक चहाच्या दुकानांत बसून करितात. जात सांगा, मत सांगतों, अशी यांची ज्योतिषविद्या! पंचांगवाल्या जोशापेक्षां हा नवा जोशी कांहीं कमी नाहीं.

या ज्योतिषांस आमचा एकच सवाल आहे. जुन्नर तालुक्यानें २०१४ सालीं महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे शरद सोनवणे यांस विधानसभेंत धाडिलें. साऱ्या राज्यांत त्या पक्षाची ती एकुलती एक जागा. २०१९ सालीं याच तालुक्यानें राष्ट्रवादी काँग्रेसचे अतुल बेनके यांस निवडलें, आणि २०२४ सालीं पुन्हां सोनवणे यांस, पण अपक्ष म्हणून. या दहा वर्षांत मराठा, माळी, धनगर, कोळी, ठाकर, बौद्ध, मुसलमान यांच्या आळ्या गांव सोडून गेल्या काय? आळ्या त्याच, जाती त्याच. कौल मात्र फिरत राहिला.

वस्तीचा मतावर मुळींच परिणाम होत नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. शेजारी राहणारांचें दुःख बहुधा एकच असतें. कालव्याच्या तोंडाशीं ज्याचें शेत त्याला पाण्याची एक काळजी, शेपटाशीं ज्याचें त्याला दुसरी, आणि आणे पठारावरील कोरडवाहू शेतकऱ्याला तिसरीच. कांद्याचा भाव पडला कीं लोहार-सुताराचीही उधारी थकते. अशीं माणसें एका बाजूला मत देतात तें रक्तामुळें नव्हे, गरजेमुळें. आणि गरज भागली नाहीं कीं तीं मत बदलतात.

मतदानाच्या टक्क्याचेंही तसेंच आहे. २०२४ च्या लोकसभेला शिरूर मतदारसंघांत सुमारें ५४ टक्के मतदान झालें. त्यांत जुन्नर-आंबेगांवचा टक्का चढा, आणि हडपसर-भोसरीचा उतरता. शहरांतला मनुष्य आळशी म्हणून असें झालें काय? तेथल्या भाड्याच्या खोल्यांत आमच्याच गांवांचीं पोरें राहतात. कारखान्याची पाळी सुटत नाहीं, खोली वरचेवर बदलते, नांव मात्र गांवच्या यादींत. जो एका जागीं टिकत नाहीं त्याचें मतही टिकत नाहीं. काढणीसाठीं बिऱ्हाड हलविणाऱ्या मजुराची आणि उसाच्या फडावर गेलेल्या जोडप्याची हीच गत. यांस बेफिकीर म्हणणें म्हणजे पायांत कांटा रुतलेल्या मनुष्यास लंगडा म्हणून हिणविणें होय.

१९१९ च्या सुधारणांत मताचा हक्क बहुतेक सारा व कर भरणारांपुरताच होता. भूमिहीन मजूर आणि गरीब कारागीर दाराबाहेर उभे. १९५१-५२ च्या निवडणुकीपासून प्रौढ स्त्रीपुरुष सर्वांस तो मिळाला. साऱ्याची अट गेली. पण यादी, अंतर आणि बुडणारा रोज हे तीन अडसर उरले.

आणखी एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. मतमोजणी केंद्रवार होते आणि तिचा तक्ता प्रसिद्ध होतो. मत गुप्त, पण वाडीचें मत उघडें! कोणत्या वस्तीनें पाठ फिरविली तें निवडून आलेल्यास कळतें, आणि मग रस्ता व नळ त्या वस्तीपर्यंत येतां येतां थकण्याचें भय असतें. कागदी मतपत्रिकांच्या काळांत निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजतां येत. यंत्रांवरील मतेंही तशींच एकत्र मोजावीं, अशी सूचना निवडणूक आयोगानें २००८ सालीं केली. विधि आयोगानें २०१५ सालीं तिला दुजोरा दिला. ती अजून कायद्यांत उतरली नाहीं. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास आमच्या बंधुभगिनींनीं याचा जाब विचारावा.

तोंवर आपल्या हातचें तरी करूं या. ग्रामसभेंत मतदार यादी मोठ्यानें वाचावी. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखेस ज्यांस अठरा वर्षें पुरीं होतात, त्या मुलामुलींचीं नांवें घालावीं. गांव सुटलेल्यांनीं आपलें नांव जेथें राहतात तेथें न्यावें. धंद्यांत, कारखान्यांत काम करणारास, मग तो रोजंदारीवर कां असेना, मतदानाच्या दिवशीं पगारी सुटी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानें दिली आहे. सावकाराला नांवें ठेवणाऱ्या आमच्या बागाईतदार बंधूंनीं आपल्या मळ्यांतल्या मजुरासही त्या दिवसाचा रोज कापल्यावांचून सोडावें. नाहीं तर आपल्यांत आणि सावकारांत फरक तो काय?

जी आळी मत देत नाहीं, तिला कोणी विचारीत नाहीं; आणि जी मागल्या खेपेप्रमाणेंच देणार हें आधींच ठाऊक असतें, तिलाही कोणी विचारीत नाहीं. तेव्हां मत सर्वांनीं द्यावें, आणि आपलें दुःख पाहून द्यावें.