मधुचंद्र कुठे, हे ठरवलं कोणी?

आमच्या गटाच्या बैठकीत मी या लेखाचा विषय सांगितला तेव्हा एक जुनी मैत्रीण हसली. "अगं, बाया मार खाऊन आपल्या दारात येतायत, आणि तू लिहिणार फुकेत की बाली?" तिचं हसणं मला समजतं. काही वर्षांपूर्वी मीही हसले असते. पण आमच्या सल्ला केंद्रात लग्नाच्या याद्या येतात. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून केलेल्या, वर 'श्री' लिहून हळदकुंकू लावलेल्या. लग्न मोडायला आलं की बाई पिशवीतून ती घड्या पडलेली यादी काढून आमच्यापुढे ठेवते. मानपान, हॉल, जेवण, सोनं, आणि अलीकडे शेवटाकडे एक ओळ : 'हनिमून थायलंड, वधूपक्षाकडे.' जिथे पूर्वी स्कूटर असायची, तिथे आता विमानाची दोन तिकिटं आली आहेत.

१९६१ चा हुंडाप्रतिबंधक कायदा लग्नाच्या संदर्भात एका पक्षाने दुसऱ्याला दिलेल्या किंवा द्यायच्या कबूल केलेल्या मालमत्तेला हुंडा म्हणतो. सहल म्हणजे मालमत्ता का, असा कीस वकील काढतील. काढू देत. यादीत लिहून, सह्या करून घेतलेली सहल मी तरी हुंड्यातच धरते.

यंदा ही ओळ आमच्याच घरात आली. माझ्या भाचीचं लग्न ठरलं, मुहूर्त वीस मेचा. मुलगा चांगला आहे, शिकलेला, मृदू बोलणारा. (हे मुद्दाम लिहिते आहे. दुष्ट नवऱ्यांविषयी लिहायला सोपं असतं.) त्याच्या आईने आमच्या ताईला सहज सांगितलं, "हल्ली सगळे बाहेरच जातात. आमच्या थोरल्याचंही फुकेतलाच झालं." मागितलं काहीच नाही. मागण्याची आपल्याकडची रीत अशीच असते. दाजींनी त्याच रात्री हो म्हटलं. मुलाच्या मित्राने एजंट सुचवला, एजंटने पॅकेज सुचवलं, दोन रात्री पट्टाया, तीन रात्री फुकेत. भाची चकचकीत माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, मला कुणी विचारलंच नाही. पण नाही म्हणायला कारण काय देऊ? समुद्र तर छानच आहे."

कारण काय देऊ! सव्वीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर जगणारी मुलगी. हॉलच्या खुर्च्यांना कोणत्या रंगाची कापडं लावायची हे तिला विचारलं होतं. लग्नानंतरचे पहिले पाच दिवस कुठे काढायचे हे मात्र चार माणसांनी परस्पर ठरवलं.

पहिलं कारण तर पंचांगातच होतं. फुकेत आणि क्राबी ही अंदमान समुद्राची बाजू. आपल्यासारखाच तिथेही नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस, साधारण मेपासून ऑक्टोबरपर्यंत. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे, आणि ते बावटे न जुमानता पाण्यात उतरणारी माणसं बुडतात. त्याच देशात पूर्वेला, आखातातल्या कोह सामुईला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बाली विषुववृत्ताच्या खाली, म्हणून तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने. शाळेच्या भूगोलात बसेल एवढीच ही माहिती. आपली लग्नं वैशाखात, आणि वैशाख सरता सरता फुकेत स्वस्त होतं ते याचसाठी. हे एजंटने सांगितलं नाही, कारण त्याला कुणी विचारलं नाही. पैसे देणार वडील, पसंत करणार सासू, आणि पोहता न येणारी मुलगी जाणार लाल बावट्याच्या समुद्रावर.

दुसरी गोष्ट लिहायला अनेकींना संकोच वाटेल, म्हणून मी लिहिते. मुहूर्त काढताना बायकांनी भाचीला तारीख विचारली होती. कशाची ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात अडचण नको, आणि पुढच्या पाच दिवसांतही नको, म्हणून कुणीतरी गोळ्यांचं नावही सांगितलं. पाळी पुढे ढकलणाऱ्या या गोळ्या किती घरांत डॉक्टरला न विचारता औषधाच्या दुकानातून आणल्या जातात! रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्या बाईने त्या घ्यायच्या नसतात, हे त्या दुकानात कुणी सांगत नाही. एका सहलीची तारीख पाळायला बाईचं शरीर मागेपुढे करायचं. सहलीची तारीख पुढे ढकलावी, हे मात्र कुणाच्याही डोक्यात येत नाही.

तिसरी गंमतीची आहे. आपल्याकडे अजूनही ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. भाचीच्या सासरी नाव ठरवूनही झालं होतं. आणि विमानाचं तिकीट? ते पासपोर्टवरच्या नावानेच निघतं. पासपोर्टवर आहे तिचं स्वतःचं नाव, मधे दाजींचं, पुढे आमच्याकडचं आडनाव. एजंटने काळजीने बजावलं, "मॅडम, नावात काही बदल करू नका हं, विमानतळावर घोळ होईल." लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. म्हणजे तांदळात लिहिलेलं नाव अक्षता गोळा करेपर्यंत टिकणार, आणि मुलगी देश ओलांडणार ती जन्माच्या नावाने. भाचीला हे इतकं आवडलं की तिने ताटातलं नावही नको असं घरी सांगून टाकलं.

कपड्यांचं ढोंग तर सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्या घरात बिनबाह्यांचा ब्लाउज चालत नाही तीच सासू हौसेने सांगते, "तिकडे घाल गं आखूड, फक्त फोटो घरच्या ग्रुपवर नको." म्हणजे मोकळीक पाच दिवसांची, नवऱ्याच्या नजरेपुरती, त्याच्याच कॅमेऱ्यात. हिरवा चुडा भरलेले हात, गळ्यात मंगळसूत्र, मागे निळं पाणी. पोहायला शिकवायचं मात्र कुणाच्या मनात आलेलं नसतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते.

ठरवून केलेल्या लग्नात दोन माणसं एकमेकांना चारदोन वेळा भेटलेली असतात. लग्नाच्या दगदगीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांना परक्या देशातल्या एका खोलीत पोचवायचं. तिला तिथली भाषा येत नाही. पैसे त्याच्या खिशात. पासपोर्टही त्याच्याच कमरेच्या पाकिटात, 'हरवायला नको म्हणून'. आणि वडिलांनी एवढा खर्च केलेला. त्या खोलीत मुलगी 'आज नको' कशी म्हणणार? आमच्या केंद्रात आलेली एक बाई, लग्नाला सात वर्षं झालेली, मला म्हणाली होती, "ताई, लोक विचारतात कसं होतं तिकडे. मला फक्त खिडकी आठवते. खिडकीतून समुद्र दिसायचा." एवढंच बोलली आणि पदराने तोंड पुसत बसली. त्या पाच दिवसांचा तीनशे फोटोंचा आल्बम तिच्या सासरी होता.

कायदा काय म्हणतो पाहा. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ६३ व्या कलमात बलात्काराची व्याख्या आहे आणि तिला अपवाद जोडलेला आहे की अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्याने केलेला संभोग बलात्कार नव्हे. १८६० च्या दंडसंहितेतला अपवाद, वय तेवढं बदललं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळाचा उल्लेख आहे, तेवढाच आधार. आणि ज्यांच्या किनाऱ्यावर आपण मजा करायला जातो ते देश? इंडोनेशियाने २००४ साली घरातल्या हिंसेचा कायदा केला आणि त्यात नवऱ्याची लैंगिक जबरदस्ती हा गुन्हा ठरवला. थायलंडने २००७ साली आपल्या दंडसंहितेतली 'स्वतःची बायको सोडून' ही सवलत काढून टाकली. म्हणजे मुंबईहून उडताना बायकोच्या नकाराला फौजदारी कायद्यात जी किंमत नसते ती चारसहा तासांनी फुकेतला उतरताना मिळालेली असते, आणि परतीच्या विमानात पुन्हा जाते. परक्या शहरात पाच दिवसांची पाहुणी पोलीस चौकी शोधत जाणार नाही, हे मलाही कळतं. त्या देशांतल्या बायकांचेही कागदावरचे कायदे कागदावरच राहतात. पण 'ते लोक कसले बाई, तिकडे सगळंच उघडं' असं ज्या तोंडांनी म्हटलं जातं, त्यांनी हे ऐकून ठेवावं.

आणि 'तिकडे सगळं उघडं' म्हणजे काय? पट्टाया हे मासेमारीचं गाव होतं. व्हिएतनामच्या युद्धात जवळच्या ऊ-तापाओच्या तळावरून अमेरिकेची विमानं उडत. १९६७ साली थायलंडने अमेरिकेशी करार करून तिच्या सैनिकांच्या 'विश्रांती आणि करमणुकी'ची सोय केली. त्याच्या आदल्याच वर्षी करमणुकीच्या जागांचा कायदा झाला होता, त्याच्या आडोशाने बार उभे राहिले. सैनिक गेले, बार राहिले, मग जगभरचे पुरुष आले. आपलेही जातात, लग्नाआधी मित्रांबरोबर, आणि लग्नानंतर बायकोला घेऊन त्याच गावी दोन रात्री. या बारमधल्या कितीतरी बाया ईशान्येच्या कोरडवाहू इसान भागातल्या शेतकऱ्यांच्या लेकी. दुष्काळी भागातून ऊसतोडीला निघणाऱ्या आपल्या बाया आठवा, म्हणजे हा प्रवास फार परका वाटणार नाही. १९८४ साली फुकेतमध्ये एका कुंटणखान्याला आग लागली आणि कोंडून ठेवलेल्या पाच मुली जळून मेल्या. माहितीपत्रकात फुकेतच्या इतिहासाचे दोन परिच्छेद आहेत, त्यात हे नाही.

तिथल्या बायका नुसत्या कीव करायच्या नाहीत. १९८५ साली बँकॉकच्या पॅटपाँग वस्तीत 'एम्पॉवर' ही संघटना सुरू झाली, बारमधल्या बायकांना इंग्रजी शिकवत, म्हणजे गिऱ्हाइकाशी सौदा करताना फसवणूक होऊ नये. १९९६ साली थायलंडने वेश्याव्यवसायाचा नवा कायदा केला. धंदा बेकायदाच राहिला, दंड भरतात बाया. त्याच १९९६ साली आपल्या सांगलीत 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहत होती. एम्पॉवरच्या बायकांनी २००६ साली चियांग माईला स्वतःचा बार काढला, ठरलेले तास, पगारी रजा, कामगार कायद्याप्रमाणे सगळं. नवऱ्याबरोबर पट्टायाच्या रस्त्यातून फिरताना त्या बायांकडे बघून नाक मुरडणाऱ्या आपल्या नव्या नवरीला पगारी रजा आहे का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

माझी हसणारी मैत्रीण यावर म्हणेल, "मग जाऊच नका. भांडवलदारांची चैन आहे ही." चळवळीतलं हे सोवळं मला मान्य नाही. बाईने हौस केली की आपल्याला ती फसलेली वाटते. ज्या मुलीने आयुष्यात एकटीने पुण्याच्या पुढे प्रवास केला नाही तिला समुद्र बघावासा वाटतो, विमानात बसावंसं वाटतं, यात काय चुकलं? आपल्या आजीचा पहिला प्रवास जेजुरीला, नवऱ्याच्या मागून चार पावलं. आईचा माथेरानला, सासू आणि दोन नणंदांसह. जाऊ द्या की हिला बालीला. फक्त ठरवू द्या तिला.

भाचीला मी फुकेतला जाऊ नको असं म्हटलंच नाही. नकाशा दिला, पावसाचे महिने सांगितले, पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये ठेव म्हटलं, आणि म्हटलं, "त्याच्याशी बोल. आईशी नाही, त्याच्याशी." दोघं एका रविवारी चार तास बोलली. त्यातलं बरंचसं तिने मला सांगितलं नाही आणि ते बरंच झालं. ठरलं असं की लग्नानंतर आठ दिवस घरीच, तिच्या किंवा त्याच्या नाही तर त्यांनी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत. सहल जानेवारीत, क्राबीला, तेव्हा तो समुद्र शांत असतो. पट्टाया रद्द. खर्च अर्धा तिचा, अर्धा त्याचा, आणि तोवर तिने पोहण्याचा वर्ग लावायचा. तोही येतो म्हणाला. त्यालाही पोहता येत नाही हे त्या चार तासांत कळलं.

सासूबाईंचं म्हणणं, आठ महिन्यांनी जाणार तर तो हनिमून कसला. आणि दाजी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी ताईकडे निरोप दिला, "माझ्या मुलीला मी काय द्यायचं हे तुझी बहीण ठरवणार का?" मी उलट निरोप पाठवला की तेवढे पैसे लेकीच्या नावावर ठेवा. अजून उत्तर नाही.