घरचा उद्योग आणि बँकेचा नकार

या सदरात आम्ही बहुधा इतरांच्या संसारातील अडचणींचा विचार करतो. या महिन्याचा विषय मात्र आमच्याच घरचा आहे, आणि त्यात दोषाचा मोठा वाटा आमच्याच पदरी येतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी उन्हाळा लागला की घरोघरच्या गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत पडलेले दिसतात. आमच्या धाकट्या सूनबाईंनी चार वर्षांपूर्वी याच वाळवणाचा लहानसा व्यापार आरंभिला. प्रथम शेजारपाजार, मग बुलढाणा, पुढे पुण्यामुंबईची गिऱ्हाइके, असा तो वाढत गेला. गावचे गिऱ्हाईक मोबाइलने क्यूआर कोड टिपून पैसे देते. परंतु दिवाळीच्या फराळाची मोठी मागणी नोंदविणारी दूरची मंडळी कार्डाने पैसे घेता का, असे विचारू लागली. सूनबाईंनी बँकेकडे अर्ज केला. तीन आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, की अर्ज मान्य करता येत नाही. कारण दिलेले नव्हते. दुसऱ्या बँकेनेही तेच केले. "मामंजी, माझ्या मालात काही खोट आहे का हो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्हांस उत्तर सुचले नाही.

खोट मालात नव्हती. कार्डावर घेतलेली रक्कम बँकेच्या दृष्टीने एक प्रकारची उधारीच असते. गिऱ्हाइकाने आज पैसे दिले आणि माल पोहोचला नाही, तर तो आपल्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागू शकतो. ती रक्कम व्यापाऱ्याच्या बँकेला भरून द्यावी लागते आणि मग तिने ती व्यापाऱ्याकडून वसूल करावयाची. व्यापारी तोवर नाहीसा झाला, तर तोटा बँकेचा. म्हणून पैसे आधी आणि माल मागाहून, असा ज्याचा व्यवहार, त्याच्याकडे बँक साशंक दृष्टीने पाहते. आणि ज्याची कागदोपत्री ओळखच पटत नाही, त्याच्याकडे तर पाहतच नाही.

येथेच आमचा दोष उघडा पडला. अर्ज सूनबाईंच्या नावाचा, पॅन कार्ड त्यांचे. परंतु पैसे जमा होणारे खाते आमच्या नावाचे, खाद्यपदार्थांची नोंदणी चिरंजिवांच्या नावाची, आणि घराचे विजेचे बिल आमच्या कैलासवासी वडिलांच्या नावाचे! एकत्र कुटुंबात सर्व काही सर्वांचे, अशी आमची समजूत. बँकेला मात्र त्या कागदांत चार माणसे दिसली आणि व्यापारी एकही दिसला नाही. "धंदा मी करते, मग खात्यावर नाव माझे का नको?" हा सूनबाईंचा प्रश्न त्यांच्या सासूबाईंनी आमच्यापर्यंत पोहोचविला. वस्तुतः त्याचे उत्तर चार वर्षांपूर्वीच द्यावयास हवे होते. घरच्या स्त्रीने राबावे आणि हिशेब मात्र वडीलधाऱ्यांच्या वहीत लिहिला जावा, या रीतीला आम्ही आजवर व्यवस्था म्हणत आलो.

या संदर्भात सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत आठवते. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रियांनी १९९६ मध्ये आपल्या बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला. सभासद स्त्रिया निरक्षर, म्हणून तो नाकारला गेला. त्या काही महिने अक्षरे गिरवीत राहिल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या ठाकल्या. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही यंत्रावाचून सांगतो, असे त्यांनी बजावले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. नकारात जे उणे दाखविले गेले, ते त्यांनी भरून काढले.

आम्हीही तेच केले. सूनबाईंच्या नावे चालू खाते उघडले. उद्यम नोंदणी केली, जी १ जुलै २०२० पासून विनाशुल्क घरबसल्या होते. खाद्यपदार्थांची नोंदणी त्यांच्या नावे करून घेतली, आणि जागा वापरण्यास हरकत नसल्याचे पत्र आम्ही स्वहस्ते लिहून दिले. मागणी कशी घेतो, माल किती दिवसांत पाठवितो, बिघडल्यास पैसे कसे परत करतो, हेही एका कागदावर मांडले. मग बँकेऐवजी रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या एका मध्यस्थ संस्थेकडे अर्ज केला. अशा संस्थांसाठी १७ मार्च २०२० रोजी नियम झाले आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी ते एकत्र करण्यात आले. मान्यताप्राप्तांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. आठ दिवसांत होकार आला. आरंभी दरमहाच्या रकमेवर मर्यादा घातली आहे, आणि ती आम्हांस रास्तच वाटते.

खर्चाचाही विचार करावा. बँक खात्यातून यूपीआयने आणि रुपे डेबिट कार्डाने घेतलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यास आकार नाही. इतर डेबिट कार्डांवर, वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्यास, २०१८ मध्ये घातलेली मर्यादा शेकडा ०.४० ची, म्हणजे हजार रुपयांस चार रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तेथे शेकडा दोनच्या आसपास जातात. तेव्हा ज्याचे सारे गिऱ्हाईक गावातले, त्याने यंत्राच्या मागे न लागणेच शहाणपणाचे.

दोन मोहांपासून मात्र सावध राहावे. नकार मिळताच एका स्नेह्यांनी, आमच्या दुकानच्या यंत्रावर पैसे घ्या, असे सुचविले. हेतू चांगला, पण एकाच्या नावावर दुसऱ्याचा व्यवहार दाखविणे नियमबाह्य आहे; त्यात दोघांचीही खाती गोठतात. दुसरा मोह, आगाऊ पैसे घेऊन खात्रीने मान्यता मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाचा. अशी खात्री कोणासच देता येत नाही. नकार हा बँकेचा व्यापारी निर्णय असल्याने, १२ नोव्हेंबर २०२१ पासूनच्या लोकपाल योजनेतही त्याविरुद्ध दाद ठेवलेली नव्हती.

गेल्या महिन्यात नागपूरहून कार्डावर पहिली मागणी आली. रक्कम मोठी नव्हती. सूनबाईंनी पासबुक भरून आणले आणि त्यावरील स्वतःचे नाव सासूबाईंना दाखविले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

आमच्या वाचक कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती, की घरात कोणी असा उद्योग चालवीत असेल तर आज संध्याकाळी कागदांची पेटी उघडून, कोणत्या कागदावर कोणाचे नाव आहे, ते एकदा पाहावे. बँकेने ते पाहण्यापूर्वी आपण पाहिलेले बरे.