गाठीचा वाणही विचारा

कपाशीवर लाल्या आला की शेतकरी पान खुडून आणतो आणि म्हणतो, "साहेब, औषध सांगा." मी आधी उलट विचारतो. मॅग्नेशियम कमी पडलं का? तुडतुडे आहेत का? रानात पाणी साचलं का? पान सगळ्यांचं लालच दिसतं, पण कारण न ओळखता फवारलं तर पैसाही जातो आणि पीकही.

आज हे सांगतोय ते मात्र शेतीसाठी नव्हे. माझ्या सजातील एका शेतकऱ्याच्या मानेला गाठी आल्या. दुखत नव्हत्या, म्हणून आधी लेप लावला, मग डाग दिला. पुढे सुई घालून तपासणी झाली. त्यात नक्की काही निघाले नाही, तरी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच महिने असेच गेले. काखेतही गाठी दिसू लागल्या तेव्हा कुठे एक अख्खी गाठ काढून तपासली आणि 'लिंफोमा' हे नाव निघाले. त्याच्या मुलाने मला विचारले, "हा कॅन्सर बरा होणारा का न होणारा?" मी पडलो शेतकी पदविकेचा माणूस, मी काय सांगणार? पण पोराचा प्रश्न बरोबर होता. म्हणून माहिती काढत गेलो, ती येथे देतो.

लिंफोमा हा रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एका जातीच्या पेशींचा कॅन्सर. तो एक रोग नाही, त्याचे साठहून अधिक प्रकार आहेत. काही इतके संथ की डॉक्टर वर्षानुवर्षे औषध न देता नुसते लक्ष ठेवतात. काही आठवड्याभरात दुप्पट होतात. बाहेरून हाताला लागते ती गाठ मात्र सारखीच.

सूक्ष्मदर्शकाखालीही फसगत होते. सर्वात जास्त आढळणाऱ्या एका प्रकारात, म्हणजे मोठ्या बी-पेशींच्या लिंफोमात, पेशी एकसारख्या दिसत आणि औषधही एकच, तरी काही रुग्ण बरे होत आणि काही दगावत. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००० साली याचा उलगडा केला. सुमारे १८ हजार जनुक-तुकडे बसवलेल्या चिपवर त्यांनी ४२ रुग्णांच्या गाठी तपासल्या. तलाठीभाऊंना हे चटकन उमगेल. सातबारा एकच असला तरी यंदा रानात काय उभे आहे ते पीकपाहणीतच कळते. तसेच शरीरातल्या बहुतेक पेशींत जनुके तीच असतात, पण कोणती जागी आहेत आणि कोणती निजली आहेत यावर पेशीचा स्वभाव ठरतो. त्या पीकपाहणीत एकाच नावाखाली दोन वाण निघाले. ५ वर्षांनी एका वाणातील सुमारे ७६ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातील १६ टक्के. तेव्हा रिटुक्सिमॅब हे औषध सर्रास मिळत नव्हते. आज हा फरक कमी झाला आहे, पण मिटलेला नाही. २०१८ साली तर आणखी बारकाईने पाहून याच रोगाचे चार-पाच पोटप्रकार मांडले गेले.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर लोक भलती आशा धरतील. वाण कळला म्हणजे वेगळे औषध हाती आलेच, असे नाही. या दोन वाणांसाठी निरनिराळी औषधे जोडून पाहिली गेली, त्यातले बरेच प्रयत्न फसले. पण काही ठिकाणी वाण कळण्यावरच सगळे अवलंबून असते. बर्किट लिंफोमात आठव्या गुणसूत्रावरचे एक जनुक बहुधा चौदाव्यावर जाऊन बसते आणि पेशी बेफाम वाढतात. तिथे नेहमीची औषधयोजना तोकडी पडते, कडक उपचार लागतात. ते वेळेवर मिळाले तर बहुतेक मुले बरी होतात.

सगळ्यांनाच महागडी जनुक-तपासणी हवी असे माझे म्हणणे नाही. गाठीच्या कापावर ठरावीक रंगप्रक्रिया करून ढोबळ वर्गवारी होते. पहिल्या दोन वाणांसाठी तीन रंगप्रक्रियांची पद्धत २००४ सालीच मांडली गेली. निदान एवढी तरी सोय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी झाली पाहिजे, आणि तिचा खर्च उपचाराचाच भाग समजला पाहिजे. माती परीक्षणाला आपण अनुदान मागतो, मग याला का नको? दुसरे असे की, या मोठ्या अभ्यासांतले बहुतेक नमुने अमेरिका-युरोपातले आहेत. निफाडला उतरलेला वाण कोकणात न तपासता आपण शिफारस करत नाही. आपल्या माणसांच्या गाठींचीही नोंद त्या माहितीत यायला हवी.

तोवर एवढे करा. गाठ तीन-चार आठवड्यांत ओसरली नाही, किंवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे सुरू झाले, तर लेप लावत बसू नका. सुईच्या तपासणीवर समाधान मानू नका, शक्य असेल तर अख्खी गाठ काढून तपासायला सांगा. रिपोर्टवर नुसते 'लिंफोमा' असेल तर "कोणत्या प्रकारचा?" हे डॉक्टरांना विचारा, त्यात लाज कसली! गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. मोठ्या दवाखान्यात जाताना तो अर्ज करून मागून न्या. आमच्या शेतकऱ्याने नेला, म्हणून त्याची गाठ पुन्हा कापावी लागली नाही. ग्रामसेवक आणि तलाठी बंधूंनी अशा घरी जाऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद आधीच जुळवून दिले, तर हेलपाट्यांत जाणारे दोन-तीन आठवडे वाचतील.